‘चिरंजीव’ कोणी कोणास लिहावे?

चांगदेव-ज्ञानदेव भेटीची आख्यायिका बहुधा गर्वहरणाची कथा म्हणून वाचली जाते. वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आलेला योगी आणि त्याच्या स्वागतास निघालेली जड भिंत, या दृश्याने वाचकाचे लक्ष इतके व्यापले की त्यापूर्वीचा पत्रप्रसंग केवळ प्रास्ताविक ठरला. वस्तुतः कथेचा पेच त्या पत्रातच आहे. योगसामर्थ्याने मृत्यूला वेळोवेळी हुलकावणी देत चौदाशे वर्षे जगलेला पुरुष ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसतो आणि मायन्यापाशीच अडतो. वय पाहून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने समोरचा थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर तो पोरसवदा. अखेर कोरा कागद रवाना होतो.

या पेचातील उपरोध शब्दातच दडलेला आहे. शब्दशः चिरंजीव असलेला एकमेव माणूस ‘चिरंजीव’ हा शब्द वापरू शकत नाही. पुराणांत हे विशेषण अश्वत्थाम्यासारख्यांचे; परंतु मराठी व्यवहारात ते वडीलधाऱ्याने धाकट्यास द्यावयाचे असते. लग्नपत्रिकेतील ‘चि.’ हे त्याचेच संक्षिप्त रूप. तू माझ्यामागे राहा, ही इच्छा त्यात गृहीत आहे. म्हणजे देणारा आधी जाणार, हेही गृहीत आहे. देणाराच जाईनासा झाला की हा मायना अर्थहीन होतो. मरण टाळण्याचे तंत्र साधल्यावर भाषेतील नात्यांच्या क्रमाचे काय होते, हा प्रश्न या कथेने असा विचारलेला आहे.

तो पोथीपुरता नाही, हे पाहण्यास पिंपळे गुरवइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. याच पवनेच्या वरच्या अंगाला चिंचवडास मोरया गोसावींची संजीवन समाधी, ईशान्येस इंद्रायणीकाठी आळंदीस ज्ञानदेवांची. जवळच पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना. तर दक्षिणेस गणेशखिंडीत राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. ‘संजीवन’ या एका शब्दाचे इतके परस्परविरोधी अर्थ अशा लहानशा परिघात नांदतात. समाधीच्या संदर्भात तो शब्द देह सोडण्यासाठी योजला जातो, हे तर विशेषच.

पिंपरीच्या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९५० च्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. या वाढीचा फार मोठा वाटा बालमृत्यू घटल्याचा आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. लस, स्वच्छ पाणी, प्रतिजैविके यांनी आजोबांना अमर केले नाही, नातवंडे जगवली. मायन्यातील आशीर्वाद खरा ठरवणारे तंत्र ते हेच. आयुष्याची कमाल मर्यादा त्यामानाने हललेली नाही. १२२ वर्षे जगून १९९७ मध्ये निवर्तलेल्या झान काल्माँ या फ्रेंच बाईंचा विक्रम अद्याप अबाधित आहे.

पेशींची गोष्ट निराळी. मानवी शरीरातील सामान्य पेशी प्रयोगशाळेत सुमारे पन्नास वेळा विभागून थांबतात, हे हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखविले. कर्करोगाच्या पेशी हा नियम पाळत नाहीत. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या ‘हेला’ पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत अद्याप वाढत आहेत. लॅक्स स्वतः त्याच वर्षी, एकतिसाव्या वर्षी वारल्या. पेशी अमर झाली, ती जिची होती ती व्यक्ती नव्हे. चौदाशे वर्षे टिकून कागदावर एक अक्षर उमटवू न शकणाऱ्या योग्याशी या पेशींची तुलना करण्याचा मोह होतो. तो अगदीच अस्थानी नसावा.

आधुनिक मराठी साहित्याने या प्रश्नासाठी निवडले ते चांगदेवांना नव्हे, ययातीला. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) भोगवादाचे रूपक म्हणून वाचण्याची वहिवाट पडली आणि तिला लेखकाच्याच भूमिकेने बळ दिले. या वाचनात पिढ्यांमधील देवघेव दुय्यम ठरते. कादंबरीचे निवेदन ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्याकडे आहे. ज्याने तारुण्य दिले त्या पुरूकडे निवेदन नाही. हा केवळ तांत्रिक निर्णय मानता येणार नाही. घेणाऱ्याचा पश्चात्ताप मराठी वाचकाने सविस्तर ऐकला. देणाऱ्याचे म्हणणे त्याला ययातीच्या तोंडून कळते, तेवढेच. २०२३ मध्ये ब्रायन जॉन्सन या अमेरिकी उद्योजकाने वय रोखण्याच्या प्रयोगात आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचा प्लाझ्मा स्वतःच्या शरीरात घेतला आणि पुढे काही लाभ आढळला नाही असे स्वतःच जाहीर केले. त्या वृत्तांताचा निवेदकही बापच होता.

चांगदेवकथा याबाबत अधिक धीट आहे, कारण तिच्यात धाकटा बोलतो. कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणून परंपरा ‘चांगदेव पासष्टी’ पुढे ठेवते. तिच्या पासष्ट ओव्यांत चौदाशे वर्षांचा उल्लेखही नाही. वयाचा हिशेब तिने विचारातच घेतलेला नाही. मायन्याचा पेच मात्र ज्ञानदेव सोडवतात: चांगदेवांना ते वटेश्वराचा पुत्र म्हणून संबोधतात. ज्याच्या वडीलपणाला अंत नव्हता, त्याला पुन्हा कोणाचा तरी मुलगा होता येते. पुढे ओव्या समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांच्या प्रतिमेपर्यंत जातात, तेथे थोरला-धाकटा हा भेदच उरत नाही. अद्वैताच्या भाष्यात हे सारे तत्त्वज्ञान म्हणून येते. पत्र म्हणून त्याचा विचार फारसा झालेला नाही.

आख्यायिका पुढे चांगदेवांना मुक्ताबाईंचे शिष्यत्व देते, म्हणजे आणखी एका मुलीसमोर बसवते. हरिश्चंद्रगडाशी जोडला जाणारा ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. समाधी पुणतांब्यास, गोदाकाठी दाखवतात.