दूर्वा आणि हरळी : एका प्रतिमेचा विचार

एकाच गवताला मराठीत दोन नावे आहेत. देवघरात ते दूर्वा, शेतात हरळी. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच : सायनोडॉन डॅक्टिलॉन. साहित्यविचारात मात्र दूर्वा म्हणजे कोमलता व मांगल्य, आणि हरळी म्हणजे केवळ उपद्रवी तण, अशी वाटणी गृहीत धरली जाते. ही वाटणी प्रतिमेच्या आकलनास बाधक आहे.

वाजसनेयी संहितेच्या तेराव्या अध्यायात, अग्निचयनाच्या संदर्भात, दूर्वेला उद्देशून एक मंत्र आहे. दूर्वा पेरापेरातून वाढत जाते, तसा आपलाही विस्तार शतपट, सहस्रपट व्हावा, अशी त्यातील प्रार्थना. तीत कोमलतेचा उल्लेखही नाही. जमिनीवर सरपटणाऱ्या खोडाला पेरापेराशी मुळे फुटतात व नवा कोंब उभा राहतो, हे निरीक्षण त्या प्रार्थनेचा पाया होय.

शेतकऱ्याचे निरीक्षणही नेमके हेच. उन्हाळ्यात खोल नांगरट करून तो हरळीच्या काशा वेचतो. कारण मातीत एखादे जिवंत पेर राहिले तरी ती पुन्हा फुटते. गुरांनी खुरटून खाल्ली तरी ती मरत नाही, आणि बांधावर तीच माती धरून ठेवते. ऋषीने जे मागितले, तेच शेतकऱ्याला जाचते. गुण मात्र एकच.

पुढील काव्यात हा गुण मागे पडला. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात दूर्वांकुर मंगलसाहित्यात येतात, तेथे त्यांचे मांगल्य उरते, वाढ दिसत नाही. बालकवींच्या ‘फुलराणी’च्या आरंभी तर गवत पसरलेल्या वस्त्रासारखे दिसते. ते चित्र रम्य आहे, आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीने खरेही आहे. परंतु गालिचा दुसऱ्याने अंथरावा लागतो व सहज गुंडाळता येतो. गवत स्वतः पसरते व भूमीला धरून राहते. हा भेद लक्षात न घेता अशा प्रतिमेला ‘निसर्गाचे सूक्ष्म दर्शन’ म्हणणे हे टीकेचे शैथिल्य होय.

दूर्वेचे मांगल्य तिच्या चिवटपणाहून वेगळे नाही. वंशविस्ताराच्या प्रार्थनेसाठी तिची निवड झाली, ती ती नाजूक म्हणून नव्हे, तर हटत नाही म्हणून. म्हणून प्रतिमेचा अर्थ लावणाऱ्या अभ्यासकाने कोशाइतकीच शेताचीही साक्ष काढली पाहिजे.