‘हार्नेस 30 टक्के हलका केला’ : कशाच्या 30 टक्के?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मंडळींनो, आज नवीन सिद्धांत वगैरे काही नाही. आज एकच वाक्य घेऊन बसायचं आहे.

‘आम्ही इंजिनच्या वायरिंग हार्नेसची रचना सोपी करून त्याचं वजन 30 टक्क्यांनी कमी केलं.’

हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असेल. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, पोस्टरवर, रेसिंग कार बनवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सादरीकरणात. आकडा बदलतो, साचा तोच. मी भौतिकशास्त्राची, गाड्यांची नाही. पण हे उदाहरण मला आवडतं, कारण ते तपासायला ओहमचा नियम आणि घनता एवढंच लागतं. बारावीचं सामान पुरतं.

दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. दोन वर्षांपूर्वी एका ज्युनिअरने असाच रिपोर्ट माझ्याकडे पाठवला होता. ‘ताई, एकदा नजर टाकशील का?’ मी टाकली. शुद्धलेखन सुधारलं, आलेखाच्या अक्षांना एकक लिहायला सांगितलं आणि ‘छान झालंय’ म्हणाले. पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी, मी तेव्हा जे विचारायला हवं होतं ते विचारू.

उसनी प्रस्तावना

अशा लेखनाची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते: ‘इंजिन आणि चासी यांच्यानंतर वायरिंग हार्नेस हा गाडीतला तिसरा सर्वांत जड भाग आहे.’ ऐकायला भारदस्त. पण ‘एक भाग’ म्हणजे काय? गाडीभर पसरलेल्या सगळ्या तारा मिळून एक भाग धरायचा, मग सगळ्या सीट मिळून एक भाग का नाही? चार चाकं? मोठ्या गाडीतलं सगळं वायरिंग काही दहा किलोंचं भरतं, हे खरंच आहे. पण तुमचा विषय इंजिनचा हार्नेस आहे, आणि तो त्यातला एक तुकडा. प्रस्तावनेत अख्ख्या गाडीचं वजन दाखवायचं आणि निष्कर्षात एका तुकड्याची टक्केवारी द्यायची, हा खोटेपणा नसेलही, पण वाचकाची दिशाभूल नक्की आहे.

छेदात काय आहे?

हिशेब करू. इंजिनच्या सेन्सरला साधारण 0.5 चौरस मिलिमीटरची तार जाते असं धरा. तांब्याची घनता 8.96 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे एक मीटर तारेत साडेचार ग्रॅमच्या आसपास तांबं. दीड-दीड मीटरच्या 20 तारा काढल्या, तर एकूण 30 मीटर, म्हणजे 134 ग्रॅम तांबं. वरचं प्लास्टिक धरून समजा 180 ग्रॅम. पाव लिटर पेट्रोलचं वजन साधारण तेवढंच असतं.

आता हेच 180 ग्रॅम 600 ग्रॅमच्या हार्नेसमधून गेले तर 30 टक्के. सगळं वायरिंग 3 किलोंचं धरलं तर 6 टक्के. गाडी 250 किलोंची असेल तर 0.07 टक्के. तिन्ही आकडे खरे. अंश एकच, छेद वेगळा. लेखकाने कुठला छेद निवडला यावरून त्याला काय दाखवायचं होतं ते कळतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘आधी’चा हार्नेस कुठला? मोटरसायकलचं इंजिन रेसिंग कारमध्ये बसवताना मूळ वायरिंगमध्ये हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, साइड स्टँडचा स्विच, सगळ्यांच्या तारा असतात. त्या कापल्या की वजन उतरणारच. हॉर्न काढून टाकला आणि हॉर्नची तार वाचली, याला रचना सोपी करणं म्हणत नाहीत. तुलना करायची तर दोन्ही हार्नेस तेवढीच कामं करणारे हवेत.

लांबी म्हणजे वजन नव्हे

काही रिपोर्टमध्ये वजनाऐवजी ‘तारेची लांबी इतकी कमी झाली’ असं असतं. मोठमोठ्या कंपन्याही याच भाषेत बोलतात. 2017 मध्ये टेस्लाच्या इलॉन मस्क यांनी सांगितलं होतं की मॉडेल एसमध्ये सुमारे 3 किलोमीटर तार आहे, मॉडेल 3 मध्ये दीड किलोमीटर, आणि मॉडेल वायमध्ये ती 100 मीटरवर आणायची आहे. मॉडेल वाय 2020 मध्ये ग्राहकांच्या हातात पडली, पण ते 100 मीटरचं वायरिंग काही तिच्यात नव्हतं.

पण समजा, आलं असतं. तरी लांबीवरून वजन कळलं असतं का? 0.35 चौरस मिलिमीटरची 100 मीटर तार घ्या: तांबं सुमारे 314 ग्रॅम. 35 चौरस मिलिमीटरची 10 मीटर केबल घ्या: 3 किलो 136 ग्रॅम. लांबी दहापट कमी, वजन दहापट जास्त. जे मोजायला सोपं ते मोजलं आणि जे सांगायचं होतं त्याच्या जागी ठेवलं, ही चूक आपल्या सगळ्यांच्या विषयांत होते. माझ्याही प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात होती.

वजन गेलं, की फक्त जागा बदलली?

तारा कमी करण्याचा सर्वांत यशस्वी मार्ग म्हणजे कॅन बस. बॉशने तो 1986 मध्ये जाहीर केला आणि 1991 च्या मर्सिडीझ एस-क्लासमध्ये तो प्रत्यक्ष गाडीत आला. प्रत्येक माहितीसाठी वेगळी तार नेण्याऐवजी पीळ दिलेल्या दोन तारांवरून सगळ्यांनी पाळीपाळीने बोलायचं. कल्पना सुंदरच आहे. पण बसवर बोलणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं सर्किट, डबी, कनेक्टर लागतो. हार्नेस तराजूवर ठेवला आणि त्या डब्या बाजूला ठेवल्या, तर आकडा गोड येतो. चार आण्याची कोंबडी दाखवायची आणि बारा आण्याचा मसाला पुढच्या प्रकरणात लपवायचा.

ॲल्युमिनियमचंही तसंच. तेवढ्याच रोधासाठी तारेचं छेदक्षेत्र तांब्याच्या सुमारे 1.6 पट घ्यावं लागतं, तरी वजन जवळपास निम्मंच भरतं. इथपर्यंत सगळे लिहितात. मग ॲल्युमिनियमवर चिवट ऑक्साइड बसतो, क्रिंप केलेल्या जागी धातू हळूहळू दबत जातो, ओलाव्यात तांब्याशी सांधा गंजतो, आणि इंजिनची थरथर आहेच. त्यासाठी लागणारे खास टर्मिनल आणि सील वजनात धरले का, हे विचारा.

ती तार तिथे का होती?

आता मुख्य मुद्दा. बहुतेक रिपोर्टमध्ये ‘अनावश्यक तारा काढल्या’ असं एका ओळीत उरकलेलं असतं. अनावश्यक हे ठरवलं कसं?

चार सिलिंडरचं इंजिन घ्या. इंजेक्टरचा रोध 12 ओहम, म्हणजे 12 व्होल्टला प्रत्येकी 1 ॲम्पिअर. चारही एकदम उघडत असतील तर 4 ॲम्पिअर. सेन्सरची अर्थची तार वेगळी आणि इंजेक्टरच्या प्रवाहाची वेगळी, अशी मूळ रचना होती. कुणाला तरी वाटतं, दोन्ही शेवटी बॅटरीच्या निगेटिव्हलाच जातात, मग दोन कशाला? एक काढली. वाचलं काय? दीड मीटर तार, 7 ग्रॅम तांबं.

गेलं काय? 0.5 चौरस मिलिमीटरच्या दीड मीटर तारेचा रोध सुमारे 0.05 ओहम. त्यातून 4 ॲम्पिअर वाहिले की 0.2 व्होल्टचा फरक. म्हणजे सेन्सर ज्याला शून्य समजतो ते शून्यच 0.2 व्होल्ट वर उचललं गेलं. सेन्सर 5 व्होल्टवर चालणारा. रीडिंग जितकं कमी, तितका या चुकीचा वाटा मोठा, आणि इंजिन आयडलिंगला असताना मॅनिफोल्डच्या दाबाचं रीडिंग कमीच असतं. वर ही चूक कायमची नाही. इंजेक्टर उघडले की येते, मिटले की जाते. कॅलिब्रेशनमध्ये वजा करून टाकावी, तर तीही सोय नाही.

7 ग्रॅमसाठी आपण मोजमापच बिघडवून ठेवलं. आणि रिपोर्टमध्ये काय येतं? फक्त ते 7 ग्रॅम.

क्रँक सेन्सरच्या तारेवरचं जाळीचं आवरणही असंच ‘जादा वजन’ वाटतं. स्पार्क प्लगच्या उच्च दाबाच्या शेजारून जाणारा तो नाजूक संकेत आहे, हे आवरण काढल्यावर कळतं. आणि उष्णता विसरू नका. ज्या मर्सिडीझचं वर कौतुक केलं, तिच्याच नव्वदीच्या दशकातल्या काही इंजिनांच्या हार्नेसचं इन्सुलेशन ठिसूळ होऊन तडकायचं. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. तारांची मांडणी कितीही हुशारीची असली, तरी इंजिनशेजारची उष्णता वर्षानुवर्षं सोसायची असते ती प्लास्टिकला.

मग हे काम निरर्थक आहे का?

अजिबात नाही. फक्त कारण प्रामाणिकपणे लिहा. हार्नेस अजूनही मोठ्या प्रमाणात हातांनी बनतो. मार्च 2022 मध्ये युद्धामुळे पश्चिम युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने अडकले, तेव्हा युरोपात फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूच्या काही कारखान्यांतलं उत्पादन थांबवावं लागलं. सोपा हार्नेस म्हणजे कमी सांधे, कमी हातकाम, बिघाड शोधायला कमी जागा. 180 ग्रॅमपेक्षा हे कितीतरी वजनदार कारण आहे. उलट बाजूही पाहा. कंपन्या कधी कधी स्वस्त मॉडेलमध्येही न वापरलेल्या तारा मुद्दाम ठेवतात, कारण दहा प्रकारचे हार्नेस सांभाळण्यापेक्षा दोन प्रकार परवडतात. तुम्हाला जी तार फालतू वाटते, ती कुणाच्या तरी हिशेबात बसवलेली असू शकते.

आता त्या ज्युनिअरची गोष्ट. त्यांच्या गाडीचं आयडलिंग स्थिर होईना. आठ-दहा दिवस मुलं सेन्सर बदलत राहिली, प्लग काळे पडत राहिले. शेवटी कुणीतरी चालू इंजिनवर मल्टिमीटर आणि नंतर ऑसिलोस्कोप लावला, आणि अर्थची एकच तार दोन कामं करते आहे हे सापडलं. ती तार काढल्याचं रिपोर्टच्या एका तक्त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी तो तक्ता पाहिला होता. बेरीज बरोबर आहे का, तेवढंच तपासलं होतं.

म्हणून पुढच्या वेळी कुणाचा रिपोर्ट हातात आला, किंवा स्वतःचा लिहायला घेतलात, तर सुरुवातीचं वाक्य असं लिहून बघा: ‘तेवढीच कामं करणाऱ्या हार्नेसच्या तुलनेत, नवे कनेक्टर आणि डब्या धरून, इतके ग्रॅम कमी झाले, काढलेली प्रत्येक तार मुळात कशासाठी होती ते तक्त्यात दिलं आहे, आणि चालू इंजिनवर सेन्सरच्या अर्थला इतके मिलिव्होल्ट मोजले.’

लांबलचक आहे, पोस्टरवर मावणार नाही. टक्केवारी बहुधा 30 वरून 8 वर येईल. पण कुणी उलट प्रश्न विचारला, तर तुम्हाला मान खाली घालावी लागणार नाही.

त्या मुलाने पुढे रिपोर्ट नव्याने लिहिला आणि मला पुन्हा पाठवला. या वेळी मी शुद्धलेखन शेवटी पाहिलं.