जोतीरावांचे दोन ग्रंथ आणि जन्मसिद्ध हक्क

जोतीराव फुले यांच्या विचारांवर टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ची छाप आहे, हें विधान आपल्याकडे इतक्या वेळां केलें जातें कीं तें तपासून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. छाप आहे हें खरें. परंतु ती कोठें उमटली आणि कोठें उमटली नाहीं, हें पाहिल्यावांचून ‘गुलामगिरी’ आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या दोन ग्रंथांतील अंतर ध्यानांत यावयाचें नाहीं.

पेनचा ग्रंथ १७९१-९२ सालीं दोन भागांत निघाला, तो एडमंड बर्कनें फ्रेंच राज्यक्रांतीवर १७९० सालीं केलेल्या टीकेला उत्तर म्हणून. बर्कच्या मतें इंग्रजांचे हक्क ही त्यांची वडिलोपार्जित मिळकत होती. पेननें उलट विचारलें कीं, पूर्वजांकडेच जावयाचें तर मध्येंच कां थांबावें? थेट मनुष्याच्या उत्पत्तीपर्यंत जा. तेथें राजा नाहीं, सरदार नाहीं, केवळ मनुष्य आहे. जो हक्क जन्माबरोबर येतो त्याला सनद लागत नाहीं. लॉकनें मांडलेल्या या तत्त्वाच्या आधारेंच १७७६ सालीं अमेरिकेनें व १७८९ सालीं फ्रान्सनें आपापले जाहीरनामे काढले.

आतां ‘गुलामगिरी’ (१८७३) पाहूं. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना ती अर्पण केलेली आहे. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादांतून अवतारकथांचा जो उपरोधपूर्ण उलगडा होतो, त्याची धार आजही बोथट झालेली नाहीं. परंतु युक्तिवाद कोणता? बळीचें राज्य आमचें होतें, परक्यांनीं तें हिरावून घेतलें, हा. ही भूमिका पेनची नव्हे. नकळत ती बर्कची आहे. हक्क येथें सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा सिद्ध केला जातो. आणि उताऱ्याचें दुखणें असें कीं, त्याहून जुना उतारा निघाला कीं दावा पडतो. ग्रंथांतील पुष्कळ व्युत्पत्त्या आजच्या संशोधनापुढें टिकत नाहींत. पण त्यामुळें शूद्रातिशूद्रांचा हक्क तिळमात्र कमी होतो काय?

होत नाहीं, याचें उत्तर जोतीरावांनींच दिलें. त्यांच्या निधनानंतर १८९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सत्यधर्मां’त हक्काचा मुख्य आधार इतिहास नसून ‘निर्मीक’ आहे: त्यानें सर्वांना स्वतंत्र निर्माण केलें, एवढें पुरे. शिवाय ते नुसते ‘मनुष्य’ म्हणून थांबत नाहींत. स्त्री आणि पुरुष असा निराळा उल्लेख आग्रहानें करतात. मनुष्याचे हक्क जाहीर करणाऱ्या फ्रान्सनें स्त्रियांना मताधिकार दिला तो १९४४ सालीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे शिष्य गुरूच्या पुढें कोठें गेला तें कळतें.

कोणी म्हणेल, समता तर आमच्या संतांनींच सांगितली. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईच्या परिसरांत राहणाऱ्यास हा आक्षेप हलका वाटत नाहीं. परंतु कृपा मागावी लागते, हक्क सांगतां येतो. देवाच्या दारीं मिळालेली समता चावडीवर चालत नसे.

हा भेद बीड जिल्ह्यानें अनुभवला आहे. १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्यापूर्वींच बंदी आली. त्या वर्षींच्या सत्याग्रहांत तुरुंगांत गेलेले स्वामी रामानंद तीर्थ पूर्वीं अंबाजोगाईस शिक्षक होते. निजामाची भिस्त तह आणि घराणें यांवर होती. प्रजेजवळ जन्माखेरीज दुसरा कागद नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्यें तें राज्य संपलें आणि १९५० सालीं हक्क संविधानांत लिहिले गेले.

तथापि दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यांतून ऊसतोडीला गाड्या निघतात, तेव्हां नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. दोन माणसें, हिशेब एकाचा. ‘सत्यधर्मां’तील स्त्री व पुरुष हा निराळा उल्लेख कोणाला पाल्हाळ वाटत असेल, तर त्यानें मुकादमाची वही एकदां पाहावी.