निष्प्रयोजन चालणें

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. पदवीच्या वर्गांत हॅझलिटचा १८२२ सालचा प्रवासविषयक निबंध चालला होता. कामाचें ओझें डोक्यावर न घेतां एकट्यानें मोकळ्या माळावरून चालत सुटावें, या कल्पनेंतील गोडी नांदेडच्या मुलांच्या मनांत उतरावी म्हणून मी पुष्कळ खपत होतों. तास संपतां संपतां किनवटकडील एक विद्यार्थी उठला आणि मोठ्या विनयानें म्हणाला, "सर, आमच्या वाडीला एसटी येत नव्हती तेव्हा माझी आजी तीन-तीन कोस चालायची. तिला कुणी निबंध लिही म्हटलं नाही. हे साहेब चालले तर त्याचं एवढं काय?" वर्ग हसला. मीही हसलों. परंतु तो प्रश्न हसून सुटण्यासारखा नव्हता हें घरीं येईपर्यंत माझ्या ध्यानांत आलें, आणि त्याच्या निमित्तानें मराठींतील डोंगर-वाङ्मय मीं पुन्हां एकदां वाचावयास घेतलें. त्या वाचनांतून जें सुचलें तें येथें मांडीत आहें.

या विषयावर आपल्याकडे एक मत रूढ आहे. तें असें कीं, केवळ आनंदासाठीं डोंगर चढण्याची हौस मराठी माणसाला मुळांत नव्हती. ती इंग्रजांनीं आणली आणि आपण ती क्रिकेटप्रमाणें उचलली. या मताला कांहींच आधार नाहीं असें नव्हे. मात्र त्याच्या पोटांत एक गृहीत दडलेलें आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानें १८५० सालीं माथेरान 'शोधून काढलें', असें आपण अजून लिहितों. त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकर आणि कातकरी त्यापूर्वीं वावरत होतेच. परंतु ते पोटापाण्यासाठीं जात, म्हणून त्यांचें जाणें हें नुसतें जाणें ठरलें आणि साहेबाचें जाणें हा शोध ठरला. ज्याला डोंगरावर कांहीं काम आहे त्याला डोंगर दिसत नाहीं, असें हें गृहीत आहे. तें खरें मानलें तर माझ्या विद्यार्थ्याच्या आजीनें आयुष्यभर कांहींच पाहिलें नाहीं असें म्हणावें लागेल.

मराठी मनाला पाठ असलेल्या चढ-उतारांची आठवण करून पाहावी. १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढला तो युद्धासाठीं. हिरकणी गवळण रायगडाचा कडा उतरली अशी आख्यायिका आहे, ती घरीं तान्हें मूल होतें म्हणून. माहूरचा डोंगर लोक चढतात तो रेणुकेच्या आणि दत्ताच्या दर्शनासाठीं. यांपैकीं एकही चढण हौसेची नाहीं. परंतु हिरकणीची गोष्ट ऐकतांना काय होतें? तिनें पाय कोठें रोवला असेल, हाताला काय धरलें असेल, खालीं अंधार किती असेल, हें ऐकणारें प्रत्येक मूल मनांतल्या मनांत पाहत असतें. गोष्टीचें प्रयोजन मातृप्रेमाचें आहे, पण तिचा थरार कड्याचा आहे. डोंगर आणि प्रयोजन यांचें वैर असतें तर ही गोष्ट कधींच विसरली गेली असती.

याहून जुना पुरावा महानुभावांच्या वाङ्मयांत सांपडतो. 'लीळाचरित्र' हें जितकें धर्माचें तितकेंच चालण्याचें पुस्तक आहे. त्यांतील 'एकांक' या भागांत चक्रधरस्वामी एकटे हिंडतात, आणि गांव, नदी, झाडाखालची जागा, ओस देऊळ यांचा उल्लेख पावलोपावलीं येतो. पुढें 'स्थानपोथी' झाली ती तर केवळ जागांची पोथी. स्वामी कोठें बसले, कोठें निजले, देवळाचें दार कोणत्या दिशेला, याची ती काटेकोर नोंद आहे. अनुयायाला त्या स्थानीं जाऊन नमस्कार करतां यावा एवढाच तिचा हेतु. आतां तिच्या शेजारीं आल्फ्रेड वेनराइटचीं पुस्तकें ठेवून पाहावीं. केंडलच्या नगरपालिकेंत खजिनदारी करणाऱ्या या गृहस्थानें १९५५ ते १९६६ या काळांत इंग्लंडच्या सरोवर-प्रांतांतील २१४ डोंगरांवर सात पुस्तकें काढलीं, तीं सर्व स्वतःच्या हस्ताक्षरांत आणि स्वतःच्या रेखाटनांसह. एकाला स्वामींचें पाऊल पवित्र, दुसऱ्याला डोंगरच पवित्र. पण ज्यावर आपलें प्रेम आहे त्याची जागा सांगतांना चूक होतां कामा नये, ही निष्ठा दोघांचीही एकच आहे. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा' या पुस्तकानें सह्याद्रीच्या वाटा मराठी तरुणांच्या हातीं दिल्या, तेव्हां ती निष्ठा विलायतेहून आली असें मानण्याचें कारण नाहीं.

इंग्रजी वाङ्मयाकडून शिकावें असें कांहींच नाहीं, असें मात्र मला सुचवावयाचें नाहीं. नॅन शेफर्ड या स्कॉटिश लेखिकेनें केर्नगॉर्म डोंगरांवर 'द लिव्हिंग माउंटन' हें लहानसें पुस्तक दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लिहिलें. तीसेक वर्षें तें तिच्यापाशीं पडून राहिलें आणि १९७७ सालीं प्रसिद्ध झालें. शिखर गांठल्याचा डौल त्यांत कोठेंच नाहीं. पाणी, बर्फ, उजेड, डोंगरावरची झोंप, अनवाणी पायाला लागणारी माती, हाच त्याचा विषय. आपण डोंगराच्या वर जातों. ही बाई डोंगराच्या आंत जाते. मराठी लेखक शिखरावर पोंचतांच बहुधा व्याख्यान सुरू करतो. ती तेथें गप्प बसते. हें गप्प बसणें आपल्याला अजून साधावयाचें आहे.

परंतु तो इंग्रजी आनंद तरी कोणाला मिळत होता? हॅझलिटच्या पुढच्या शतकांत इंग्लंडांतील पुष्कळसे उंच माळ जमीनदारांनीं शिकारीसाठीं राखून ठेवले होते आणि तेथें पाऊल टाकण्याची सामान्य माणसाला बंदी होती. २४ एप्रिल १९३२ या दिवशीं मँचेस्टरकडील शेंकडों तरुण कामगार किंडर स्काउटच्या पठारावर ती बंदी मोडून चढले. राखणदारांशीं झटापट झाली आणि पांच जणांना तुरुंगवास घडला. पुढें १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा आणि माळरानांवरील प्रवेशाचा कायदा झाला, त्यामागें अशाच चळवळींचें बळ होतें. आठवडाभर कारखान्यांत राबणाऱ्या त्या माणसांना रविवारीं डोंगरावर कोणतेंही काम नव्हतें, आणि काम नसतांना तेथें असण्याचा हक्कच त्यांना हवा होता. माझ्या विद्यार्थ्याला द्यावयाच्या उत्तराचा अर्धा भाग मला येथें सांपडला. निष्प्रयोजन चालणें ही रिकामटेकड्यांची चैन आहे असें त्याला वाटलें. पण ती कष्टकऱ्यांनीं तुरुंगांत जाऊन मिळविलेली वस्तु आहे, हेंही तितकेंच खरें आहे.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मराठींतच शोधावयास हवा, आणि तो शोधतांना गो. नी. दांडेकरांपाशीं थांबल्यावांचून गत्यंतर नाहीं. परतवाड्यास १९१६ सालीं जन्मलेला आणि १९९८ पर्यंत जगलेला हा लेखक आपल्या पिढीला किल्ल्यांवर घेऊन गेला. 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून घराबाहेर पडलेलीं माणसें महाराष्ट्रांत किती असतील याची गणती करवणार नाहीं. त्यांचा राजगड हा भूगोलांतील डोंगर नसून घरांतील वडीलधारें माणूस आहे. त्यांच्या या भक्तीचा मला आदर आहे. तरीही टीकाकाराच्या प्रामाणिकपणानें सांगितलें पाहिजे कीं, ही भक्ति पुष्कळदां डोंगराला झांकून टाकते. बुरूज दिसला कीं इतिहास बोलूं लागतो, आणि इतिहास बोलूं लागला कीं वारा थांबतो. दांडेकरांच्या गद्याला जी ऊब आहे तिच्यामुळें हें त्यांच्यांत खपून जातें; त्यांच्या मागून आलेल्या अनेकांत मात्र केवळ सांगाडा उरला. दरवाजे किती, टाकीं किती, किल्ला कोणी घेतला, कोणी दिला, आणि शेवटीं तरुणांना उपदेश. लेखक तेथवर चालत गेला होता कीं मोटारींतून, हें त्या पानांवरून कळूं नये, यापरतें दुर्दैव कोणतें?

दांडेकर सर्वांत मोठे वाटतात ते मला गडाच्या दरवाजांत नव्हे, तर गडाच्या घेऱ्यांत. आणि त्याहूनही 'जैत रे जैत' या कादंबरींत. तेथें नाग्या ठाकर लिंगोबाच्या सुळक्यावर चढतो तो राणीमाशीचा सूड घेण्यासाठीं. हें प्रयोजन इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकांत बसणारें नाहीं. पण नाग्याच्या दृष्टीनें त्याहून मोठें प्रयोजन जगांत नाहीं. डोंगर त्याच्या पोटाचा, देवाचा, भयाचा आणि वेडाचा विषय आहे. मॅलेटनें 'शोधण्या'पूर्वीं डोंगर कोण पाहत होतें, याचें उत्तर या एका कादंबरीनें दिलें आहे. निबंधानें आणि प्रवासवर्णनानें तें अजून पुरतें दिलेलें नाहीं, ही माझी तक्रार आहे.

आमच्या भागाला या तक्रारीची झळ विशेष लागते. कंधार, उदगीर, औसा हे आमचे नांवाजलेले किल्ले भुईकोट. त्यांना खंदक आहेत, कडे नाहींत. डोंगर म्हणाल तर बालाघाटाच्या रांगा आहेत, त्यांवर सीताफळीचीं झुडपें आहेत; देगलूर-बिलोलीकडे काळा पाषाण संपून ग्रॅनाइटचे मोठाले गोटे उघडे पडलेले आहेत; उत्तरेला पैनगंगेच्या वळणाजवळ माहूरचा सागवानी डोंगर आहे. यांपैकीं माहूरला देवी म्हणून आणि गड म्हणून मान आहे. उरलेल्यांवर शिवकाल घडला नाहीं, म्हणून आमचीं मुलें समजतात कीं आपल्याला डोंगरच नाहींत. सुटी पडली कीं तीं रायगडाची तिकिटें काढतात. तें त्यांनीं अवश्य करावें. परंतु ज्या टेकडीवर इतिहास नाहीं ती टेकडीही पाहतां येते, हें त्यांना शिकविणारें मराठी पान मला त्यांच्या हातांत देतां येत नाहीं, आणि शिक्षक म्हणून मला याची लाज वाटते.

गेल्या वर्षीं मीं त्याच विद्यार्थ्याला सांगितलें, "हॅझलिट राहूं दे, आजी कोणत्या वाटेनें जात असे तेवढें लिही." त्यानें चार पानें आणून दिलीं. भाषा ओबडधोबड होती, शुद्धलेखनाच्या चुका तर मोजवेनात. वाटेंत एक मोहाचें झाड होतें. ओझें कितीही असलें, उशीर कितीही झाला असला, तरी आजी त्याखालीं टेकत असे आणि समोरच्या टेकड्यांकडे पाहत कांहीं न बोलतां बसत असे. तिथें का बसायची, असें त्यानें लहानपणीं तिला विचारलें होतें. "बसावंसं वाटतं," एवढेंच ती म्हणाली होती.

मीं चुका दुरुस्त करावयास लेखणी उचलली होती. त्या वाक्यापाशीं आलों आणि ती पुन्हां खालीं ठेवली.