पालुपद आणि पडछाया

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले, म्हणजे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका कधी झाडीआड दडतो, तर कधी एखाद्या वळणावर अवचित समोर उभा ठाकतो. आणि तो दर वेळी तोच असला, तरी पाहणाऱ्याने मधल्या वेळात जेवढा रस्ता काटलेला असतो, तेवढ्या मानाने त्याचे रूप त्याला निराळे भासते. २०१२ साली आलेल्या ‘जर्नी’ या व्हिडिओ गेममध्ये दूरच्या पर्वताचे दुभंगलेले, तेजाळ शिखर याच न्यायाने पुनःपुन्हा दिसते. आरंभी ते नुसती दिशा दाखविते, परंतु अखेरच्या हिमवादळात पाऊल जड झाल्यावर तेच शिखर खेळाडूचा ध्यास होऊन बसते.

कीर्तनकार आख्यान लावून मूळ अभंगाकडे परततो, तेव्हा पालुपदाचे शब्द तेच असले, तरी श्रोता पूर्वीचा उरलेला नसतो. व्हिडिओ गेममध्ये मात्र श्रोताच कर्ता असल्यामुळे, परत आलेल्या प्रतिमेचा अर्थ त्याच्या हातून घडलेल्या कृतीने पालटला पाहिजे. तसे न झाल्यास ती पुनरुक्ती निव्वळ नक्षीकाम ठरते.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा, २०२० साली प्रसिद्ध झालेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा आपल्या मुलखातला दाखला या कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे. असुरांनी पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात, दुर्गेने दिलेले त्रिशूळ घेऊन निघालेली राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी आहे. तिची कहाणी मधूनमधून छाया-बाहुल्यांच्या प्रवेशांतून पुढे सरकते, ही योजना मार्मिक खरीच. परंतु या प्रवेशांत, त्याचप्रमाणे वाटेवरच्या भित्तिचित्रांपुढे, देवदेवतांचे निरूपण चालू असताना खेळाडूने केवळ ऐकावयाचे असते. पुराणकथा वैभवाने सजते, आणि बहिणीचे दुःख मात्र तिच्या शेजारी तिऱ्हाइतासारखे उभे राहते.

उलटपक्षी, २०२३ सालच्या ‘वेण्बा’ या खेळामध्ये, कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाच्या स्वयंपाकघरात, आईची पाककृतींची एक जीर्ण वही वारंवार उघडली जाते. तिच्या पुसट ओळींचा अर्थ लावून खेळाडू इडल्या वाफवितो. पुढे तीच वही, तमिळ अक्षरे धड वाचता न येणाऱ्या मुलाच्या हाती पडते, आणि तो चाचपडू लागतो तेव्हा मायलेकरांतले सारे अंतर, एका शब्दाचीही मखलाशी न करता, आपल्या बोटांना कळते.

सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत जाणतात, की चामड्याची बाहुली पडद्याला टेकविली तर सावली रेखीव पडते, आणि दिव्याकडे सरकविली तर तीच मोठी व पुसट होते. ‘राजी’ने ती बाहुली पडद्यावर आणली, याचे श्रेय तिला निःसंशय द्यावे, परंतु बाहुलीची काठी खेळाडूच्या हाती देण्याची तजवीज तिच्या कर्त्यांनी केली नाही, आणि पुढे येणाऱ्यांनी ती आधी करावी.