आधी ७५ टक्के, मग प्रश्न?

यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरना मिळून ७५ टक्के हवेत. मग १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. कल्पना चांगलीच आहे. माझा आक्षेप क्रमावर आहे. तीन वर्षं उत्तर ठरलेली प्रॅक्टिकल्स करायची, रीडिंग जुळवायचं, आणि चौथ्या वर्षी एकदम प्रश्न शोधायचा?

ईडीटीए टायट्रेशननं पाण्याचा हार्डनेस आपण काढतोच. तेच पाणी रहिमतपूरच्या दोन विहिरींतून दर महिन्याला आणलं तर? उत्तर सरांनाही माहीत नसेल, मग जुळवणार कशाशी? संशोधनाची सवय तिथून लागते. पहिल्या वर्षाला असाल तर थांबू नका. आजच एक वेगळी वही करा.