शाळेला दहापैकी नऊ, पण नक्की कशाचे?

अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी जोडप्यांच्या गप्पा ऐका. किचन, बॅकयार्ड, मॉर्गेज हे सगळं नंतर येतं. आधी येतो तो प्रश्न: "स्कूल डिस्ट्रिक्ट कसं आहे?" उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात मिळतं. झिलोवर घराची माहिती बघताना खाली जवळच्या शाळांना दहापैकी किती गुण आहेत ते दिसतं. हे गुण देते ग्रेटस्कूल्स ही १९९८ साली सुरू झालेली ना-नफा संस्था. नऊ असेल तर "मस्त", चार असेल तर पुढचं घर. माझं म्हणणं असं आहे की हा आकडा आपण चुकीचा वाचतो. शाळा काय करते यापेक्षा शाळेत कोण येतं हेच तो जास्त सांगतो.

एखाद्या पब्लिक मिडल स्कूलचं माहितीचं पान उघडा आणि एखादं पुस्तक वाचावं तसं ते नीट वाचा. त्यात साधारण तीन गोष्टी असतात: परीक्षेचे निकाल, मुलांची वांशिक टक्केवारी आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचं प्रमाण.

निकालांपासून सुरुवात करू. २००२ साली सही झालेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन आणि गणिताची दरवर्षी परीक्षा घेणं राज्यांना बंधनकारक केलं. २०१५ च्या नव्या कायद्यानेही हे कायम ठेवलं. म्हणजे सहावी ते आठवीच्या मिडल स्कूलमधला एकही वर्ग यातून सुटत नाही. निकाल सांगतात तो 'प्रोफिशियंट' मुलांच्या टक्केवारीत, म्हणजे ठरलेली रेषा किती मुलांनी ओलांडली. आता गंमत बघा. समजा, एक मुलगी सहावीत येताना तीन वर्षं मागे होती आणि आठवीत ती फक्त काही महिने मागे राहिली. शिक्षकांनी केवढं काम केलं! पण रेषा ओलांडली नाही, म्हणून टक्केवारीत ती शून्यच. उलट जो मुलगा आधीपासूनच रेषेच्या खूप वर होता आणि तीन वर्षं जागच्या जागी राहिला, तो मात्र शाळेच्या यशात मोजला जातो.

हा फरक किती मोठा असू शकतो, ते स्टॅनफर्डच्या शॉन रीअर्डन यांच्या कामातून दिसतं. देशभरच्या परीक्षांचे निकाल एकत्र करून त्यांनी दाखवलं की मुलांचे सरासरी गुण घरच्या आर्थिक-सामाजिक स्थितीशी घट्ट बांधलेले आहेत, पण वर्षागणिक होणाऱ्या प्रगतीचा त्या स्थितीशी संबंध बराच कमी आहे. शिकागोचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथली पब्लिक स्कूल्स म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण २००९ ते २०१४ या काळात तिथली मुलं तिसरीतून आठवीत गेली, तेव्हा पाच वर्षांत त्यांनी सरासरी सहा वर्षांइतकी मजल मारली होती.

ग्रेटस्कूल्सवरही ही टीका झाली. त्यांच्या गुणांमुळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं जास्त असलेल्या शाळा मागे पडतात, असं 'चॉकबीट'ने २०१९ मध्ये दाखवून दिलं. २०२० मध्ये संस्थेने सूत्रात प्रगतीचं वजन वाढवलं. हे चांगलंच झालं, पण आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो आकडा अजूनही सुट्टाच फिरतो.

आता वांशिक टक्केवारी. "एशियन ६० टक्के आहेत, म्हणजे शाळा चांगली असणार." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. या एकाच रकान्यात इंजिनियर आई-बाबांची मराठी मुलगी असते आणि निर्वासित म्हणून आलेल्या भूतानी किंवा ह्मॉंग कुटुंबातला मुलगाही असतो. आणि आपल्या मुलांचे गुण तरी कुठून आले? चक्रवर्ती, कपूर आणि सिंग यांच्या 'द अदर वन पर्सेंट' या पुस्तकातलं उत्तर थोडं बोचतं. इथे आलेले भारतीय एकदा नाही, तीनदा चाळून आलेत: आधी जात आणि वर्ग यांतून मिळालेली शिक्षणाची संधी, मग प्रवेश परीक्षा, मग अमेरिकेचा व्हिसा. एवढ्या चाळण्यांतून आलेल्या घरातलं मूल गणितात पुढे असेल, तर त्याचं श्रेय मिडल स्कूलला कितपत द्यायचं? आणि "आपल्याकडे शिक्षणाला महत्त्व असतं" असं म्हणताना इतरांकडे ते नसतं, असं आपण सुचवत नाही ना?

राहिलं कमी उत्पन्नाचं प्रमाण. ते बहुधा मोफत किंवा सवलतीच्या जेवणावरून काढतात. पण २०१४ पासून देशभर लागू असलेल्या एका तरतुदीमुळे गरिबी जास्त असलेल्या अनेक शाळांत सगळ्याच मुलांना मोफत जेवण मिळतं. मुलांसाठी उत्तम, पण तिथे या आकड्यावरून घरच्या परिस्थितीचा अंदाज लागत नाही.

म्हणजे आई-बाबांनी काही बघूच नये का? तसं नाही. आपल्या मुलांसाठी चांगली शाळा हवी असणं यात गैर काही नाही, आणि काही शाळांत अनुभवी शिक्षक आणि जास्त विषय खरोखरच असतात. खटकतं ते वेगळंच. प्रत्येक गटातल्या मुलांचे निकाल वेगळे जाहीर करा, असं कायद्याने सांगितलं ते मागे पडणाऱ्या मुलांकडे शाळेचं लक्ष जावं म्हणून. आपण तीच माहिती त्या मुलांपासून लांब घर घेण्यासाठी वापरतो. मग चांगल्या रेटिंगच्या भागात घरं महागतात, ती परवडणारेच तिथे येतात, निकाल आणखी वर जातात आणि आकडा स्वतःलाच खरा ठरवतो.

तुमच्यापैकी काही जण लवकरच घर शोधायला लागतील. तेव्हा दहापैकी किती हे बघून थांबू नका. त्याच पानावर प्रगतीचा आकडा शोधा. कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं तिथे किती पुढे सरकतात ते बघा. सहावीत पुढच्या पातळीच्या गणिताच्या वर्गात कोणाला आणि कसं घेतात, ते शाळेला विचारा. चार गुणांच्या शाळेतही जाऊन हेच प्रश्न विचारा. यादीतून तिचं नाव खोडायचं असेल, तर ते त्यानंतर खोडा.